हरिभाऊंचा प्रश्न आणि माझ्या नानीच्या बांगड्या

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा रिश्ता ठरला. मुलगा घाटकोपरचा, आम्ही अंधेरीचे. २०१४ साली मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी-घाटकोपर हे अंतर सोयरिकीलाही सोयीचं झालं. बैठक आमच्याकडे होती. मेहर किती, हॉल कुठला, जेवणात बिर्याणी की दालचा-खाना, पाहुणे किती, सगळं तपशिलात ठरलं. भाची चहाचा ट्रे घेऊन आली, सलाम करून आत गेली. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. निकाहच्या दिवशी मुलीकडे जाऊन तिची मंजुरी घेणारा वकील म्हणून माझंच नाव ठरलं होतं.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. हळूच म्हणाली, "मामू, त्यांच्या घरात सहा माणसं आणि दीड खोली. निकाहनंतर आम्ही दोघं बोलणार कुठं?"

मी हसलो. म्हटलं, "सगळ्यांचे संसार असेच झाले." पण रात्री पडल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. हा प्रश्न मी आधी कुठेतरी वाचला होता. उठून कपाट उघडलं आणि चाळीस वर्षांपूर्वी रद्दीवाल्याकडून घेतलेली, पाठपुठ्ठा गेलेली हरि नारायण आपट्यांची कादंबरी बाहेर काढली. 'पण लक्षात कोण घेतो?'

शाळेत मराठी शिकवणारा मुसलमान म्हणून लोक माझ्याकडे जरा कौतुकानं आणि जरा संशयानं पाहायचे. तेव्हापासून हरिभाऊ माझ्या सोबतीला आहेत. १८६४ साली खानदेशात पारोळ्याला त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुंबई-पुण्यात. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांचा काळ त्यांनी जवळून पाहिला. पुढे कॉलेजात गेले, पण गणितानं दगा दिला आणि पदवी काही हाती लागली नाही. मराठी कादंबरीचं मात्र त्यामुळे भलं झालं. १८८५ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी. १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक त्यांनी काढलं आणि त्यातून हप्त्याहप्त्यानं 'पण लक्षात कोण घेतो?' छापून येऊ लागली. तेव्हा लेखकाचं वय होतं सव्वीस. सव्वीस वर्षांचा एक पुरुष एका ब्राह्मण मुलीच्या तोंडून, 'मी' म्हणून, तिची जन्मकथा सांगतो, आणि कुठेही वाटत नाही की हा पुरुष बोलतोय.

प्रेम आणि लग्न या विषयावर शहाणपण कुणाकडून घ्यायचं म्हटलं की इंग्रजी शिकलेली आमची मुलं जेन ऑस्टिनचं नाव घेतात. बाई होत्याच तशा. १८१७ साली वारल्या. स्वतः लग्न केलं नाही आणि लग्नाच्या बाजाराची जेवढी गंमत त्यांनी उडवली तेवढी क्वचितच कुणी उडवली असेल. पण एक फरक लक्षात घ्या. ऑस्टिनबाईंची कादंबरी लग्नापाशी येऊन संपते. नायिका पारखते, चुकते, रुसते, समजून घेते, आणि मग लग्न होतं. हरिभाऊंच्या यमूला ही चैन नाही. तिचं लग्न बाहुल्यांशी खेळायच्या वयात होतं. पारखायचं कुणाला आणि कधी? म्हणून हरिभाऊंची कादंबरी जिथे ऑस्टिनबाई थांबतात तिथून खरी सुरू होते. न निवडलेल्या नवऱ्यावर प्रेम जडेल का, आणि जडलं तर ते टिकेल कशावर, असा त्यांचा प्रश्न आहे.

त्यांचं उत्तर मला फार साधं आणि म्हणूनच फार मोठं वाटतं. प्रेम बोलण्यातून येतं. यमूचा नवरा रघुनाथराव शिकलेला आहे, मनानं कोवळा आहे. पण एकत्र कुटुंबात नवऱ्यानं बायकोशी दिवसाउजेडी दोन शब्द बोलायचे म्हणजे निर्लज्जपणा. वडीलधाऱ्यांसमोर त्यांनी एकमेकांकडे पाहायचंही नाही. रघुनाथराव तिला वाचायला-लिहायला शिकवतो, आणि घरातल्यांच्या लेखी हाच त्याचा मोठा गुन्हा. पुढे ती दोघं मुंबईला येतात. वेगळं बिऱ्हाड होतं. इथे नवरा-बायको एकमेकांशी मोकळेपणी बोलू शकतात, वाचू शकतात, बाहेर फिरायला जाऊ शकतात. पुण्याच्या वाड्यात जे फूल मिटून होतं ते मुंबईच्या भाड्याच्या बिऱ्हाडात उमलतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच या लेखकानं ओळखलं होतं की मुंबई पोटाला देते तशी नवरा-बायकोला एकांतही देते. निदान देत असे. आज सहा माणसं आणि दीड खोली हे गणित पाहिलं तर आपण पुन्हा त्या वाड्यातच जाऊन बसलो आहोत की काय, असं वाटतं. वाडा फक्त उभा झाला आहे, सातव्या मजल्यावर.

हरिभाऊंचा विनोद हसवण्यासाठी नसतो. लहानगी यमू मोठ्यांचं वागणं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत जाते, आणि आपण हसता हसता ओशाळतो. मुलानं खोडी केली तर तो पुरुषार्थ आणि मुलीनं केली तर कुळाला बट्टा, हे ती तक्रार म्हणून सांगत नाही. पाऊस पडला, ऊन पडलं, तसं सांगते. शंकरमामंजी नावाचं एक पात्र आहे. बाहेर सोवळं-ओवळं, धर्माचा मोठा गजर, आणि आत सगळा अंधार. असे शंकरमामंजी फक्त सदाशिव पेठेतच होते असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या मोहल्ल्याच्या कमिटीकडे एकदा नीट पाहावं. दाढीची लांबी आणि पायजम्याची उंची मोजणारे, पण बहिणीचा वारसाहक्क विचारला की खोकणारे शंकरमामंजी आपल्याकडेही आहेत. नाव शंकर नसेल, एवढंच.

मग कादंबरीचा घाव येतो. रघुनाथराव मरतो. सगळं प्रेम, सगळं शिक्षण, ते बिऱ्हाड, एका माणसाच्या श्वासावर उभं होतं. श्वास थांबला आणि यमूची रवानगी पुन्हा पुण्याच्या वाड्यात झाली. तिथे फसवून, जबरदस्तीनं तिचं केशवपन केलं जातं. ज्या डोक्यात अक्षरं शिरली होती त्या डोक्यावरचे केस उतरवले जातात. त्यानंतर ती फार काळ जगत नाही.

हे काही हवेतून आलेलं नव्हतं. तो काळच असा होता. १८५६ चा विधवा-पुनर्विवाहाचा कायदा कागदावर होता. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचं दुःख मराठी कादंबरीच्या उंबरठ्यावरच मांडलं होतं. १८८७ साली मुंबई हायकोर्टानं रखमाबाईंना सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बालपणी झालेलं लग्न मला मान्य नाही, एवढंच त्या म्हणत होत्या. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडलं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रेरणेनं मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं वय दहावरून बारा करायचं, एवढ्यासाठी केवढा गदारोळ! हरिभाऊ हे सगळं पाहत होते. त्यांनी भाषण केलं नाही. एका मुलीला बोलायला लावलं आणि कादंबरीच्या कपाळावर एक टोमणा लिहून ठेवला: सांगते खरी, पण लक्षात कोण घेतो?

आता आपल्याकडे वळू. ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा विशीत होतो. वाचून झाल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, 'बरं झालं, आपल्यात हे नाही.' खरंच आहे की. आपल्यात निकाह हा करार आहे. मुलीची संमती नसेल तर तो होतच नाही. मेहर तिचा, दुसऱ्या कुणाचा नाही. नवरा गेला तर चार महिने दहा दिवस इद्दत, त्यानंतर ती पुन्हा निकाह करायला मोकळी. केशवपन नाही, बंदी नाही. हजरत खदिजा स्वतः विधवा होत्या, व्यापार करणाऱ्या होत्या, आणि निकाहचा पैगाम त्यांच्याकडूनच गेला होता. मी मोठ्या तोऱ्यात पुस्तक बंद केलं. ते घेऊन नानीला गोष्ट सांगायला गेलो.

नानी कोकणातल्या आमच्या गावाहून नुकतीच मुंबईला आली होती. मी यमूची सगळी गोष्ट सांगितली. ती सुपारी कातरत ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "पाहा नानी, आपला दीन किती चांगला. आपल्यात बेवा दुसरा निकाह करू शकते."

नानी अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "हो बाळा, करू शकते. माझा नवरा गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. कोणी विचारलं का मला?"

मी गप्प झालो. तोवर मी नानीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आयुष्यभर पांढरी ओढणी. हातात बांगडी नाही. कुणाच्या लग्नात नवरीला हळद लावायची वेळ आली की ती आपणहून मागे सरकायची. हे कुठल्या किताबात लिहिलं आहे? कुठेच नाही. पण तिच्या बांगड्या फोडल्या गेल्या होत्या, आणि फोडणाऱ्या बायका नमाजी होत्या. वडिलांच्या भातशेतीतला हिस्सा तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून भावांना दिला होता, कारण हिस्सा मागणारी बहीण माहेराला मुकते. वस्तरा नव्हता, एवढाच काय तो फरक.

हा माझ्या एकट्या नानीचा अनुभव नव्हता, हे पुढे वाचत गेलो तसं कळत गेलं. पुण्यात यमूची गोष्ट छापली जात होती त्याच सुमारास, १८९१ मध्ये, दिल्लीच्या डेप्युटी नझीर अहमद यांची 'अयामा' ही उर्दू कादंबरी प्रसिद्ध झाली. विषय एकच, विधवेचा पुनर्विवाह. नायिकेचं नाव आझादी बेगम. नावात आझादी आणि नशिबात कैद. तिला पुन्हा संसार करावासा वाटतो. शरियत आड येत नाही, शरीफ घराण्याची अब्रू आड येते. शेवटी मृत्यूच्या दारात असताना ती आपलं दुःख लोकांपुढे बोलून दाखवते. नझीर अहमद काही धर्म न जाणणारे गृहस्थ नव्हते. कुरआनाचा उर्दू तर्जुमा करणारे आलिम होते, दंडसंहितेच्या उर्दू अनुवादातही त्यांचा हात होता. धर्म आणि कायदा दोन्ही कोळून प्यायलेल्या माणसाला कादंबरी लिहाविशी वाटली. १८६९ च्या 'मिरात-उल-उरूस'पासून ते मुलींसाठीच लिहित होते. १८८५ च्या 'फसाना-ए-मुब्तला'मध्ये त्यांनी दोन बायका करणाऱ्या माणसाच्या घराची धूळधाण दाखवली. कायदा जिथे पोहोचत नाही तिथे गोष्ट पोहोचते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि हरिभाऊंनाही.

हे दोघे एकमेकांना ओळखत होते असं मी म्हणत नाही. एक पुण्याचा, एक दिल्लीचा. एकाच्या समाजात रूढीनं धर्माचा पोशाख घातला होता, दुसऱ्याच्या समाजात रूढीनं धर्माला घराबाहेर उभं केलं होतं. बाई मात्र दोन्हीकडे एकाच कोपऱ्यात बसलेली.

रूढी किती जबरदस्त असते याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. १८४७ साली इथल्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन मुलींच्या वारशाचा खटला चालला. मुलींचं म्हणणं होतं, कुरआनानं दिलेला हिस्सा आम्हाला द्या. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींची रूढी वेगळी आहे, रूढीप्रमाणे मुलीला हिस्सा नाही. ही रूढी कोर्टापुढे मांडणारे मुलींच्याच जमातीतले पुरुष होते, हे विसरू नका. बापाच्या मालमत्तेचा प्रश्न आला तेव्हा त्यांना शरियत आठवली नाही. पुढे १९३७ मध्ये शरियत कायदा झाला, पण शेतजमीन त्यातूनही वगळली गेली. १९३९ च्या कायद्यानं मुसलमान स्त्रीला कोर्टात जाऊन निकाह संपवण्याची कारणं स्पष्ट करून दिली. कायदे झाले. माझ्या नानीच्या अंगठ्यापर्यंत ते आले नाहीत.

काही मित्र मला विचारतात, "तुम्ही आपट्यांना एवढं डोक्यावर घेता, पण त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतले मुसलमान पाहिलेत का?" पाहिले आहेत. त्यातलं सगळंच मला रुचत नाही, आणि ते मी वर्गातही सांगत आलो. पण त्याच हरिभाऊंनी अखेरच्या काळात विजयनगरवर 'वज्राघात' लिहिली, तीही वाचा. त्यात रामराजा आणि मेहेरजान यांची प्रेमकथा आहे. राज्याच्या मोहापायी तो तिला दूर लोटतो, आणि त्यांचाच मुलगा रणमस्तखान पुढे त्याच्या विनाशाला हातभार लावतो. १५६५ च्या लढाईची अनेक कारणं इतिहासात आहेत. हरिभाऊंनी मात्र एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या पडझडीच्या मुळाशी एका बाईला दिलेल्या दग्याची गोष्ट ठेवली, आणि ती बाई मुसलमान आहे. यमूचा लेखक जातीधर्माच्या रेषेपाशी येऊन थांबला नाही. म्हणून माझं त्याच्याशी भांडण आहे, पण कट्टी नाही.

मग हरिभाऊंकडून घ्यायचं काय? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, नवरा-बायकोला बोलायला जागा हवी. प्रेम आभाळातून पडत नाही. कुरआनात पती-पत्नीला एकमेकांचा पोशाख म्हटलं आहे. पोशाख अंगाला लागलेला असतो, त्याला अंतर चालत नाही. दुसरी, आणि ही जास्त कडू आहे. नवरा कितीही चांगला असला तरी बाईचं आयुष्य फक्त त्याच्या चांगुलपणावर टांगून ठेवू नये. रघुनाथरावाइतका प्रेमळ नवरा मराठी कादंबरीत शोधून सापडायचा नाही. पण त्यानं यमूला प्रेम दिलं, अक्षरं दिली, आणि तो गेल्यावर तिच्या हातात तिचं म्हणावं असं काही उरलं नाही. ना पैसा, ना घर, ना 'नको' म्हणण्याचा हक्क. प्रेमाच्या पाठीशी हक्क नसेल तर ते एका मरणात संपतं.

आपल्या बहिणींकडे हक्क आहेत. मेहर आहे, वारसा आहे, पुनर्विवाह आहे, निकाहनाम्यात अटी लिहायची मुभा आहे. तलाकचा अधिकार नवरा निकाहच्या वेळीच बायकोलाही सोपवू शकतो, त्याला तफवीझ म्हणतात. पण बैठकीत आपण बिर्याणीवर अर्धा तास बोलतो आणि अटींचा रकाना कोरा सोडतो. मेहर रोख की उधार हे विचारायला लाजतो. आपल्याकडे सगळं आहे, पण लक्षात कोण घेतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला घेऊन स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहाला गेलो. घरी बोलणं झालं नसतं, आमच्या घरातही जागा कुठे आहे? तिला विचारलं, "तुला हा रिश्ता मंजूर आहे का? नाही म्हणालीस तर मी सांगेन सगळ्यांना, तू काही बोलायचं नाही." ती बराच वेळ बशीत पाहत राहिली. मग म्हणाली, "मुलगा बरा वाटतो, मामू. पण एकदा बोलू दे त्याच्याशी."

बोलली. घाटकोपरलाच, मेट्रो स्टेशनजवळ, आम्ही दोन वडीलधारे पलीकडच्या टेबलावर आणि ती दोघं अलीकडे. पाऊण तास. घरी येताना तिनं सांगितलं, मुलगा म्हणाला की विक्रोळीकडे भाड्याची खोली बघायचा विचार त्याच्याही मनात होता, पण बैठकीत मोठ्यांसमोर बोलायचं कसं? म्हणजे तोही यमूच्या नवऱ्यासारखाच, वाड्यात अडकलेला. खोली मिळेल की नाही, कोण जाणे. भाडी तुम्हाला माहीत आहेत. पण दोघांनी मिळून शोधायचं ठरलं आहे. निकाहनाम्यातल्या अटींची यादी तिनं माझ्याकडे दिली आहे, स्वतःच्या अक्षरात, पाच ओळी. मुलाच्या वडिलांच्या कपाळाला जरा आठ्या पडल्या. पडू द्या.

नानी आता नाही. तिच्या पेटीत एका फडक्यात हिरव्या काचेचे तीन-चार तुकडे सापडले होते. अम्मीनं ते टाकले नाहीत, मीही टाकलेले नाहीत.

पुढच्या महिन्यात दोन गवाह घेऊन मी भाचीपुढे बसेन आणि तीन वेळा विचारेन. बाहेर माईकवर घोषणा चालू असतील, पोरं आरडाओरडा करत असतील, काझीसाहेब घड्याळ पाहत असतील. तिचं उत्तर मला आधीच ठाऊक असेल. तरीही मी घाई करणार नाही.